जुन्याच्या जिवावर नवं: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची गोष्ट



आजची गोष्ट न्यूयॉर्कची आहे, पण तिच्यातला प्रश्न आपल्याला मुळीच परका नाही. नाटक कंपनीने जुनं, हमखास चालणारं नाटक लावावं, की नवं लिहून घ्यावं? जुनं लावलं की तिकीट खिडकीवर रांग लागते, बिऱ्हाडाचा खर्च निघतो. नवं लावलं नाही, तर पंचवीस वर्षांनी जुनं म्हणून लावायला काही उरत नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडले तिथे हा वाद मालकापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी घातलेला आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये हा वाद १४० वर्षं चालला आहे. तिथली माणसं या संस्थेला नुसतं 'मेट' म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मधेमधे पदं येतात. ऑपेरात बहुतेक वेळा संवादसुद्धा गायलेच जातात. खाली मोठा वाद्यवृंद, वर गायक, आणि गायकापुढे माइक नाही. मेटचं आजचं प्रेक्षागृह सुमारे ३८०० आसनांचं आहे. तिथल्या शेवटच्या रांगेपर्यंत, ऐंशी-नव्वद वाद्यांच्या वरून, नुसत्या गळ्याच्या जोरावर आवाज पोचवायचा. असं गाणारी माणसं जगात थोडी, आणि त्यांना, वादकांना, कोरसला, नेपथ्य हलवणाऱ्यांना द्यायचा पैसा प्रचंड. सगळी तिकिटं विकली गेली तरी खर्च भरून निघत नाही. उरलेलं देणगीदार भरतात. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक वळणावर तो आडवा येणार आहे.

आता १६ सप्टेंबर १९६६ च्या रात्री जाऊ. मेटची नवी कोरी इमारत लिंकन सेंटरमध्ये उभी राहिली होती. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी आलेल्या, फिलिपिन्सचे मार्कोस पतीपत्नी आलेले, दर्शनी बाजूला शागालची भव्य चित्रं. अशा मुहूर्तावर कुठलीही शहाणी कंपनी 'आयडा' लावेल. सरव्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी मात्र नवा ऑपेरा लिहून घेतला होता. संगीत अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बर यांचं, नाटक शेक्सपिअरचं 'अँटनी अँड क्लिओपात्रा', दिग्दर्शन आणि नेपथ्य इटलीच्या फ्रँको झेफिरेल्लींचं. क्लिओपात्राच्या भूमिकेत लिओन्टीन प्राइस. त्या काळात त्यांच्या तोडीचा सोप्रानो आवाज शोधून सापडला नसता.

झेफिरेल्लींनी रंगमंचावर पिरॅमिड आणला, स्फिंक्स आणला, माणसांचा समुद्र आणला. आपल्याकडे 'तो मी नव्हेच'मुळे फिरता रंगमंच म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेटनेही हौसेने नवा फिरता रंगमंच बसवला होता. तालमीतच त्यावर इतकं वजन पडलं की तो बंद पडला. दुसऱ्या एका तालमीत पिरॅमिडचं दार उघडेना आणि प्राइस बाई आत अडकल्या. त्यात वादकांचा संप डोक्यावर टांगलेला. तो मिटल्याचं बिंग यांनी त्याच रात्री रंगमंचावरून जाहीर केलं. म्हणजे पडदा वर गेला तेव्हासुद्धा उद्यापासून प्रयोग होणार की नाही हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी इमारतीचं कौतुक केलं आणि ऑपेराला झोडपलं. बार्बर यांचं संगीत त्या सगळ्या पसाऱ्याखाली चेंगरून गेलं होतं. त्या हंगामातले मोजके प्रयोग झाले, आणि मेटने तो ऑपेरा पुन्हा कधीच उभा केला नाही. बार्बर यांनी पुढे आपल्या संगीतात दुरुस्त्या केल्या, पण दुसरा ऑपेरा लिहिला नाही.

त्याच हंगामात, १७ मार्च १९६७ ला, मेटने आणखी एक नवाकोरा ऑपेरा रंगमंचावर आणला. मार्व्हिन डेव्हिड लेव्ही यांचा 'मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा', यूजीन ओनीलच्या नाटकावरचा. त्याचं संगीतसंचालन करायला उभे होते आपले मुंबईचे झुबिन मेहता, वय अवघं तीस. टीकाकार बार्बरइतके निर्दय झाले नाहीत, पण हाही मेटवर टिकला नाही. आणि त्यानंतर मेटने स्वतः लिहवून घेतलेला पुढचा नवा ऑपेरा कधी आला? १९९१ साली. चोवीस वर्षांनी. जगातल्या सर्वांत श्रीमंत ऑपेरा कंपनीने एका पिढीएवढा काळ नव्या लेखनाकडे पाठ फिरवली.

हे असं का झालं, ते समजायला मुळाशी जायला हवं.

१८८० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एक जुनं ऑपेरागृह होतं, अकॅडमी ऑफ म्युझिक. तिथले बॉक्स जुन्या खानदानी घराण्यांच्या ताब्यात होते. रेल्वे, जहाजं, बँका यांतून नव्याने गब्बर झालेल्या व्हँडरबिल्ट वगैरे कुटुंबांना कितीही पैसे मोजले तरी तिथे बॉक्स मिळेना. मग त्यांनी आपलंच नाट्यगृह बांधलं. ब्रॉडवेवर, एकोणचाळिसाव्या रस्त्याजवळ. २२ ऑक्टोबर १८८३ ला ते उघडलं, गुनोच्या 'फाउस्ट'ने. मूळ फ्रेंच ऑपेरा, तो गायला इटालियनमध्ये, आणि ऐकणारे इंग्रजी बोलणारे. त्या वेळी आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' रंगमंचावर येऊन जेमतेम वर्ष होत होतं, एवढा काळाचा अंदाज ठेवा.

म्हणजे मेटचा जन्म संगीतासाठी झाला, असं म्हणता येत नाही. बसण्याच्या जागेसाठी झाला. बॉक्सांच्या रांगेचं नाव पुढे 'डायमंड हॉर्सशू' पडलं, हिऱ्यांचा नाल. प्रेक्षागृहाचा आकार घोड्याच्या नालेसारखा, आणि त्यात बसलेल्या बायकांच्या गळ्यांत हिरे. ही मंडळी उशिरा येत, लवकर जात, आणि मधल्या वेळात गप्पा मारत. १८९१ साली संचालक मंडळाला लेखी सूचना लावावी लागली की प्रयोग चालू असताना बॉक्समध्ये बोलणं कृपया थांबवावं, तक्रारी फार येत आहेत. आणि सूचना लावणारे संचालक कोण, तर हेच बॉक्सवाले.

पहिल्या हंगामात कंपनीचे ठेकेदार हेन्री ॲबी यांना जबर तोटा झाला. मोठे इटालियन गायक परवडेनात. तेव्हा लिओपोल्ड डॅमरॉश नावाच्या जर्मन संगीतसंचालकाने पुढे येऊन सांगितलं, मी जर्मन गायक आणतो, ते स्वस्तात गातात, शिवाय या शहरात जर्मन लोक पुष्कळ आहेत. म्हणून पुढची सात वर्षं मेटवर सगळं जर्मनमध्ये झालं, इटालियन ऑपेरासुद्धा. डॅमरॉश पहिल्याच हंगामात वारले, पण प्रथा टिकली. आणि या काटकसरीतून एक विलक्षण गोष्ट घडली. वॅग्नर वारला होता फेब्रुवारी १८८३ मध्ये. त्याचं संगीत म्हणजे त्या वेळचं ताजं, अवघड, वादग्रस्त संगीत. 'ट्रिस्टान' अमेरिकेत पहिल्यांदा वाजलं ते मेटवर, १८८६ ला. चार रात्रींचं संपूर्ण 'रिंग' १८८९ ला. आज वॅग्नर म्हटलं की आपल्याला वाटतं, क्लासिकांचा क्लासिक. मेटने तो लावला तेव्हा तो आजच्या भाषेत 'कंटेम्पररी' होता, आणि लावला होता तो स्वस्त पडतो म्हणून. वरच्या मजल्यावरचे जर्मन कामगार आणि दुकानदार जीव ओतून ऐकत, खाली बॉक्समधले जांभया देत. पैसा बॉक्सचा होता. १८९१ ला जर्मन पर्व बंद झालं आणि इटालियन-फ्रेंच ऑपेरे परत आले.

१८९२ च्या आगीनंतर इमारत दुरुस्त झाली आणि १८९३ ला पुन्हा उघडली. कशाने? 'फाउस्ट'ने. नंतर हा ऑपेरा इतक्या वेळा लागला की डब्ल्यू. जे. हेंडरसन या समीक्षकाने मेटचं नाव 'फाउस्टश्पीलहाउस' ठेवलं. वॅग्नरच्या बायरॉइटमधल्या नाट्यगृहाला 'फेस्टश्पीलहाउस' म्हणतात, त्यावरची ही कोटी. आपल्याकडचा एखादा खवचट नाट्यसमीक्षक असता तर असंच काहीतरी म्हणाला असता.

आणि मग १९०७ चं प्रकरण. रिचर्ड स्ट्राउस यांचा 'सलोमी', दोन वर्षांपूर्वी लिहिलेला. शेवटच्या प्रवेशात नायिका एका कापलेल्या मुंडक्याचं चुंबन घेते. २२ जानेवारीला प्रयोग झाला. प्रेक्षागृह भरलेलं होतं. पण बॉक्सवाल्यांना, म्हणजे जे. पी. मॉर्गन आणि मंडळींना, ते असह्य झालं. त्यांनी पुढचे प्रयोग बंद पाडले. एकच प्रयोग! 'सलोमी' मेटवर पुन्हा आला १९३४ ला, सत्तावीस वर्षांनी. आज तो नियमितपणे लागतो आणि कुणी उठून जात नाही.

अशीच एक गंमत 'ला बोहेम'ची. पुच्चिनीचा हा ऑपेरा १८९६ चा. मेटवर तो आला १९०० ला, म्हणजे चार वर्षांचं नवं नाटक. हेन्री क्रेबील हे तेव्हाचे फार मोठे समीक्षक. त्यांनी त्याचा विषय गलिच्छ ठरवला आणि संगीत पोकळ. गरीब कलावंत, थंडी, क्षयाने मरणारी मुलगी, हे काय ऑपेराचं दुःख झालं? आज हिशेब काढला तर मेटच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा झालेला ऑपेरा हाच, १३०० हून अधिक प्रयोग. क्रेबील यांना दोष देण्यात अर्थ नाही. नवं काम ऐकताना कान सगळ्यांचेच चुकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या कामाचा निकाल पहिल्या रात्री लागत नाही. तो दुसऱ्या खेपेला लागतो, तिसऱ्या खेपेला लागतो. कंपनीला ते परत लावायचा धीर आणि पैसा आहे का, यावर सगळं असतं.

हा धीर ज्यांच्याकडे होता ते जुल्यो गात्ती-काझात्सा. मिलानच्या ला स्कालाहून १९०८ ला आले आणि १९३५ पर्यंत मेट चालवलं. येताना सोबत तोस्कानिनींना घेऊन आले, शिवाय एन्रिको कारुसो आधीपासून होताच. गात्तींचा हिशेब सरळ होता: कारुसोच्या आवाजावर तिकिटं विकायची आणि त्या पैशातून नवं काम आणायचं. १० डिसेंबर १९१० ला मेटवर पहिल्यांदा एखाद्या ऑपेराचा जगातला पहिला प्रयोग झाला, पुच्चिनीचा 'ला फान्चुल्ला देल वेस्ट'. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींवरची गोष्ट, कारुसो नायक, तोस्कानिनी वाद्यवृंदासमोर. पुच्चिनी स्वतः हजर. आठ वर्षांनी पुच्चिनीचंच 'इल त्रित्तिको' इथेच जन्मलं.

याखेरीज गात्तींनी अमेरिकन संगीतकारांचे ऑपेरे जवळजवळ दर एक-दोन वर्षांनी लावले. फ्रेडरिक कन्व्हर्स, होरॅशिओ पार्कर, डीम्स टेलर. ही नावं तुम्ही ऐकली नसतील. अमेरिकेतल्या ऑपेरावेड्यांनीही फारशी ऐकलेली नाहीत. टेलर यांचे दोन ऑपेरे तर त्या वेळी चांगले चालले होते. तरी मागे राहिलं काय? हात पोळले असं म्हणा, पण मला गात्तींचं कौतुक वाटतं. वीस झाडं लावायची आणि एक जगेल म्हणायचं, याला बागकाम म्हणतात. १९६६ नंतर मेटने एक झाड वाळलं म्हणून कुदळच ठेवून दिली.

'फान्चुल्ला'चंही नशीब बघा. पहिल्या रात्री टाळ्यांचा पाऊस पडला आणि पुढे तो मागे पडत गेला. तीसच्या दशकापासून तो मेटवरून दिसेनासा झाला. १९६१ ला हंगामाच्या पहिल्या रात्री परत आला, नायिका तीच लिओन्टीन प्राइस. आणि एप्रिल १९६६ मध्ये नव्या इमारतीत आवाज कसा फिरतो ते तपासायला शाळकरी मुलांना बोलावून एक प्रयोग केला, तोही 'फान्चुल्ला'चाच. म्हणजे त्या वास्तूतला लोकांसमोरचा पहिला ऑपेरा बार्बर यांचा नव्हेच. मेटने स्वतः जन्माला घातलेल्या, पन्नास वर्षांच्या झालेल्या बाळाचा आवाज तिथे आधी घुमला.

मधल्या काळात पैशाची गणितं बदलली होती. १९२९ ची मंदी आली, बॉक्सवाल्या घराण्यांचा जोर ओसरला. १९३१ च्या नाताळापासून रेडिओवर प्रयोग ऐकू येऊ लागले आणि १९३३ ला कंपनी बुडायच्या बेताला आली तेव्हा त्याच रेडिओवरून श्रोत्यांना मदतीची हाक दिली गेली. शेतावरून, खेड्यातून एकेक डॉलर आला. १९४० मध्ये कंपनीने बॉक्सवाल्यांकडून नाट्यगृहच विकत घेतलं. ज्यांनी 'सलोमी' बंद पाडला त्यांचं राज्य संपलं. पण त्यांच्या जागी आले हजारो वर्गणीदार, आणि रेडिओवर 'ला ट्राव्हियाटा' ऐकून प्रेमात पडलेल्या या सज्जन माणसांना दरवर्षी 'ला ट्राव्हियाटा'च हवी होती. एक मॉर्गन गेला आणि दहा हजार छोटे मॉर्गन आले, असं म्हटलं तर ते थोडं कडवट होईल, पण चुकीचं होणार नाही.

या सगळ्यात कोण बाहेर राहिलं तेही सांगायला हवं. १९३३ ला मेटने 'द एम्परर जोन्स' हा नवा ऑपेरा केला, नायक कृष्णवर्णीय. तो गायला लॉरेन्स टिबेट या गोऱ्या गायकाने, तोंडाला काळा रंग फासून. कृष्णवर्णीय गायिकेने मेटवर पहिल्यांदा प्रमुख भूमिकांपैकी एक गायली ती ७ जानेवारी १९५५ ला, मरियन अँडरसन यांनी. तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या, आवाजाचा बहर ओसरलेला. गर्शविनचा 'पोर्गी अँड बेस' १९३५ चा, मेटवर आला १९८५ ला, पन्नास वर्षांनी. कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा तर तोवर एकही नाही. बाईने लिहिलेला? १९०३ साली एथेल स्मिथ यांचा 'डेर वाल्ट' झाला होता. दुसरा झाला २०१६ ला, फिनलंडच्या काया सारियाहो यांचा. मधे एकशे तेरा वर्षं. फक्त जुनं लावायचं असं ठरवलं की जुन्या काळाने ज्यांना दाराबाहेर ठेवलं ते दाराबाहेरच राहतात. हे ठरवण्यात कुणाचा वाईट हेतू असावाच लागत नाही.

आता आपल्या जवळचा भाग.

नोव्हेंबर १९७६. मेटच्या रंगमंचावर दोन रविवारी एक अजब प्रयोग झाला, 'आइन्स्टाइन ऑन द बीच'. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन, संगीतकार फिलिप ग्लास. सुमारे पाच तास, मध्यंतर नाही, गोष्ट अशी नाहीच. गायक आकडे म्हणतात, सारेगम म्हणतात. मेटने हा प्रयोग केला नव्हता. सुट्टीच्या दिवशी नाट्यगृह भाड्याने दिलं होतं. दोन्ही रात्री हाउसफुल्ल झाल्या, आणि तरीही ग्लास यांच्या डोक्यावर कर्ज उरलं. ते परत टॅक्सी चालवायला लागले. एका बाईंनी टॅक्सीतली पाटी वाचून त्यांना सांगितलं की तुमचं नाव एका प्रसिद्ध संगीतकाराचं आहे, असा किस्सा ते स्वतः सांगतात.

ग्लास यांनी साठच्या दशकात पॅरिसमध्ये पंडित रविशंकरांबरोबर एका चित्रपटाच्या संगीतावर काम केलं होतं. रविशंकर वाजवायचे आणि ग्लास ते पाश्चात्त्य वादकांसाठी स्वरलिपीत उतरवून द्यायचे. अल्लारखाँसाहेबांकडून तालाचं गणितही समजून घेतलं. लहान लहान मात्रांची बेरीज करत मोठं आवर्तन उभं करायचं, ही रीत त्यांना तिथे दिसली. तिच्यातून त्यांची स्वतःची शैली घडत गेली.

टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्या या माणसाने पुढचा ऑपेरा लिहिला तो गांधीजींवर. 'सत्याग्रह'. १९८० ला हॉलंडमध्ये रॉटरडॅमला पहिला प्रयोग झाला. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, १८९३ ते १९१४. तीन अंक, प्रत्येक अंकावर वरून एक मूक व्यक्ती पाहत असते: टॉल्स्टॉय, रवींद्रनाथ टागोर आणि मार्टिन ल्यूथर किंग. आणि भाषा? संस्कृत. सगळे शब्द भगवद्गीतेतले. सुरुवात कुरुक्षेत्रावर, शेवट चौथ्या अध्यायातल्या त्या श्लोकांवर, जे आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेत.

हा ऑपेरा मेटवर आला एप्रिल २००८ मध्ये. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराबरोबर मिळून केलेली निर्मिती. वर्तमानपत्रांचे कागद, चिकटपट्टी, बांबूसारख्या साध्या वस्तूंतून रंगमंचावर राक्षसी बाहुल्या उभ्या राहायच्या. कोरसच्या गायकांनी कधी न ऐकलेली भाषा तोंडपाठ केली, शिवाय ओळ किती वेळा परत म्हणायची याचा हिशेब मनात ठेवायचा. एका ठिकाणी घसरलं की सगळं कोसळणार. मी तो पुढे पडद्यावर पाहिला. उच्चार आपल्या कानाला थोडे बोबडे वाटतात, हे खरं. पण शेवटच्या अंकात गांधी एकटा उभा राहतो आणि तीच एक चढती स्वरावली पुन्हा पुन्हा गातो, तेव्हा ते खटकणं कुठल्या कुठे जातं.

२०११ ला मेटने 'सत्याग्रह' परत लावला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलन जोरात होतं. शेवटच्या प्रयोगाच्या रात्री निदर्शक लिंकन सेंटरबाहेर जमले, अडथळ्यांपलीकडे पोलीस. आतून प्रेक्षक बाहेर आले, आणि फिलिप ग्लास स्वतः निदर्शकांत जाऊन उभे राहिले. त्यांनी ऑपेराचे शेवटचे शब्द, म्हणजे गीतेतलेच, इंग्रजीत म्हटले, आणि जमाव ते ओळीओळीने मोठ्याने परत म्हणत गेला. ज्याला एकेकाळी रविवारी भाडं भरून आत यावं लागलं, त्याचा ऑपेरा आता आत घरचा झाला होता आणि तो माणूस बाहेर होता.

हे सगळं घडलं पीटर गेल्ब यांच्या कारकिर्दीत. ते २००६ ला आले. त्याच वर्षअखेर मेटचे प्रयोग सिनेमागृहांत थेट दाखवायला सुरुवात झाली. मुंबईत एनसीपीएमध्येही ते दाखवले गेले. जॉन ॲडम्स यांचे ऑपेरे आले: अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपेनहायमरवरचा 'डॉक्टर ॲटॉमिक', ज्यातल्या एका कोरसमध्ये पुन्हा गीताच आहे, विश्वरूपदर्शनाची, आणि 'निक्सन इन चायना'. हे सगळे आधी दुसऱ्या शहरांतल्या धीट कंपन्यांनी केलेले. 'निक्सन' ह्यूस्टनला १९८७ मध्ये झाला, मेटला पोचायला चोवीस वर्षं लागली. मेट फार मोठं जहाज आहे, ते लवकर वळत नाही.

मग कोविड आला. मार्च २०२० ला दारं बंद झाली ती दीड वर्ष. वादकांना आणि कोरसला जवळजवळ वर्षभर पगार नव्हता, कित्येक जण शहर सोडून गेले. २७ सप्टेंबर २०२१ ला पडदा उघडला तो टेरन्स ब्लँचर्ड यांच्या 'फायर शट अप इन माय बोन्स'ने. ब्लँचर्ड जाझ ट्रम्पेट वाजवणारे, स्पाइक ली यांच्या चित्रपटांचे संगीतकार. १३८ वर्षांत मेटवर झालेला कृष्णवर्णीय संगीतकाराचा हा पहिला ऑपेरा. ज्या लोकांनी या इमारतीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं ते आले, आणि नवा ऑपेरा असून तिकिटं मिळेनात. पुढच्या वर्षी केविन पुट्स यांच्या 'द अवर्स'चंही तेच झालं. जुने वर्गणीदार मात्र साथीनंतर पूर्वीसारखे परतले नव्हते, आणि हमखास म्हणून लावलेल्या जुन्या ऑपेरांना खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये मेटने दोन गोष्टी एकदम जाहीर केल्या. पहिली, सुमारे ३० कोटी डॉलरच्या राखीव निधीतून ३ कोटीपर्यंत रक्कम काढावी लागणार आणि पुढच्या हंगामात प्रयोग सुमारे दहा टक्क्यांनी कमी होणार. दुसरी, यापुढे नवे ऑपेरे वाढवणार, कारण तेच विकले जात आहेत. उलटा काळ आला म्हणायचा! शंभर वर्षं जुन्याच्या पैशावर नवं पोसलं, आता नव्याने जुन्याला पोसायचं. २०२३–२४ च्या हंगामाची सुरुवात फाशीच्या कैद्यावरच्या 'डेड मॅन वॉकिंग'ने झाली. माल्कम एक्सवरचा ऑपेरा आला, एक स्पॅनिश ऑपेरा आला. एका हंगामात हयात किंवा अलीकडच्या संगीतकारांचे सहा.

पण त्याच हंगामात 'फायर' आणि 'द अवर्स' परत लावले, तेव्हा पहिल्या खेपेची गर्दी झाली नाही. पहिल्यांदा लोक बातमी म्हणून आले होते. दुसऱ्यांदा फक्त ऑपेरा म्हणून यायचं होतं. राखीव निधीतून आणखी रक्कम काढली गेली, दोन्ही मिळून सुमारे ७ कोटी डॉलर. लगेच 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असं म्हणणारे पुढे आले. माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या खेपेला गर्दी कमी असणं हा निकाल नव्हे. 'फान्चुल्ला' तीस वर्षं कपाटात होता. प्रश्न एवढाच आहे की मेटकडे तिसरी खेप लावण्याइतके पैसे उरतात का. राखीव निधी हा विहिरीसारखा असतो. पावसाळा धरून उपसायचा असतो, आणि पाऊस कधी येणार हे कुणाला सांगता येत नाही.

मे २०२५ मध्ये मेटवर एक नवा ऑपेरा आला. संगीत जॉन ॲडम्स यांचं, वाद्यवृंदासमोर उभे तेच. नाटक शेक्सपिअरचं. नाव 'अँटनी अँड क्लिओपात्रा'. एकोणसाठ वर्षांनी तीच राणी, त्याच रंगमंचावर, दुसऱ्या संगीतकाराच्या स्वरांत. या वेळी पिरॅमिड नव्हता, तीसच्या दशकातल्या हॉलिवूडची झाक होती. मतं संमिश्र पडली. कुणाला लांबलं वाटलं, कुणाला शब्द फार वाटले.

आणि झेफिरेल्ली? १९६६ ला बार्बर यांना पिरॅमिडखाली गाडणारे हेच गृहस्थ १९८१ ला मेटवर परत आले आणि त्यांनी 'ला बोहेम' उभा केला. पॅरिसचा बर्फ पडलेला रस्ता, छपरावरची खोली, दुसऱ्या अंकात गाढव-घोड्यासकट भरलेला चौक. हेच नेपथ्य चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. पडदा उघडतो, बर्फ दिसतो, आणि कुणी गायच्या आधीच टाळ्या पडतात. त्या टाळ्यांच्या जमा रकमेतूनच कधीतरी 'सत्याग्रह'च्या कागदी बाहुल्यांचा खर्च निघालेला असतो.